डेव्हिड मार्शल: सव्विसाव्या वर्षी वाट सापडलेला सिंगापूरचा यहुदी

सिंगापूरचा पहिला मुख्यमंत्री यहुदी होता, ही गोष्ट आपल्या समाजात अजून पुष्कळांना ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही साधारण एवढंच माहीत असतं, की डेव्हिड मार्शल नावाचे एक नामांकित बॅरिस्टर होते. जाड भुवया, तोंडात पाईप, खणखणीत आवाज, आणि कोर्टात बोलायला उभे राहिले की ज्युरीतली माणसं कान टवकारून बसायची. त्यांच्या राजकारणाबद्दल आणि खटल्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र आज त्यांच्या आयुष्याचा आधीचा भाग जास्त सांगायचा आहे. हा माणूस वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत वकील होणार असं कोणालाच वाटलं नव्हतं. डॉक्टर व्हायचं म्हणून अभ्यासाला बसला, आजारी पडला. मग कापडाचा धंदा शिकला, नोकऱ्या केल्या, शिल्लक टाकली, आणि बरोबरीची माणसं लग्न करून स्थिरस्थावर होत होती त्या वयात पुन्हा विद्यार्थी होऊन लंडनला गेला.

हे सांगावंसं वाटण्याचं कारण घरचंच आहे. मी मुलाकडे सिंगापूरला काही महिने राहून आलो. माझी नात तिथे युनिव्हर्सिटीत शिकते. पहिलं वर्ष पुरं झाल्यावर तिने विषय बदलायचं मनात घेतलं आणि घरात चिंतेचं वातावरण पसरलं. मी जन्मभर शाळेत शिकवलं. दहावीच्या निकालानंतर आईबाप मुलाला घेऊन यायचे आणि याला कुठल्या लाइनला घालू म्हणून विचारायचे. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने सगळा जन्म एका दुपारी ठरवायचा, ही पद्धत मला कधीच पटली नाही. तेव्हा हाताशी चांगलं उदाहरण नव्हतं. सिंगापूरच्या मुक्कामात मार्शलसाहेबांबद्दल वाचत गेलो, त्यांचा मोहल्ला पायी फिरून पाहिला, आणि ते उदाहरण मिळालं.

मार्शल आपल्या बेने इस्राएलांपैकी नव्हेत. ते बगदादी. मुंबईचे ससून, भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग, त्याच मंडळींचे हे भाऊबंद. बगदादहून निघालेले हे व्यापारी मुंबई, कलकत्ता, रंगून, सिंगापूर, शांघाय असे बंदराबंदराने पसरत गेले. मुंबईत त्यांचे आणि आपले संबंध कसे गोडही होते आणि कडूही, ते आपल्या जुन्या माणसांना मी काय सांगावं! मलिदा आपला, तो त्यांच्याकडे नाही. पण शब्बाथ तोच, तोरा तीच, आणि परक्या देशात मूठभर असून मान ताठ ठेवून राहण्याची कसरतही तीच.

सिंगापूरच्या वॉटर्लू स्ट्रीटवर मागेन अबोथ सिनेगॉग आहे. ते १८७८ साली उघडलं. ऑक्सली राइजवर खेसेद-एल आहे, ते १९०५ मध्ये मनासे मेयर यांनी बांधलं. वॉटर्लू स्ट्रीट, मिडल रोड, सेलेगी रोड या भागात तेव्हा साधी, मध्यम स्थितीतली यहुदी कुटुंबं राहायची. त्या वस्तीला ते लोक महल्ला म्हणत. आपला मोहल्ला तो हाच शब्द. मिडल रोडवर डेव्हिड एलियास यांची १९२८ सालची इमारत अजून उभी आहे आणि तिच्या माथ्यावर मागेन डेव्हिडचा तारा दिसतो. आसपास आता उंच उंच इमारती आणि खाण्याची दुकानं आहेत. तरी तो तारा पाहिल्यावर मला आपला जुना भायखळा आणि डोंगरी आठवली.

अशा वातावरणात १२ मार्च १९०८ रोजी डेव्हिडचा जन्म झाला. वडील शौल नस्सीम माशाल बगदादहून आलेले व्यापारी, आई फ्लोरा. घर कडक धार्मिक. शब्बाथ, कोशेर, सण, उपास, कशातही सूट नाही. आडनाव मूळचं माशाल. हिब्रूत माशाल म्हणजे दृष्टांत, बोधवचन. आपण ज्याला मिश्ले म्हणतो, ते शलोमो राजाचं नीतिसूत्रांचं पुस्तक, त्याचं नाव याच शब्दावरून आलेलं आहे. १९२० च्या सुमारास घराने ते आडनाव इंग्रजी वळणावर नेऊन मार्शल केलं. आपल्या मराठी कानाला जुनं नाव मशालीसारखं ऐकू येतं आणि पुढचं आयुष्य पाहिलं तर तेही शोभतंच.

मुलगा सेंट जोसेफ, सेंट अँड्र्यू आणि मग रॅफल्स इन्स्टिट्यूशन अशा शाळांत शिकला. रॅफल्स म्हणजे तिथली नावाजलेली सरकारी शाळा. त्या काळात हुशार मुलासमोर एकच मोठं स्वप्न असायचं, ते म्हणजे क्वीन्स स्कॉलरशिप. १८८५ साली सुरू झालेली ही शिष्यवृत्ती मिळाली की इंग्लंडच्या विद्यापीठात फुकट शिक्षण व्हायचं. जागा अगदी मोजक्या आणि स्पर्धा जीवघेणी. तेव्हा सिंगापूरमध्ये कायद्याचं शिक्षण नव्हतंच. वैद्यकीचं कॉलेज १९०५ पासून होतं आणि रॅफल्स कॉलेज १९२८ नंतर आलं. कायदा शिकण्याची सोय तिथल्या युनिव्हर्सिटीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस झाली. म्हणजे ज्याला वकील व्हायचं त्याला बोटीत बसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि बोटीचं भाडं देणं सगळ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

पण डेव्हिडला तेव्हा वकील व्हायचंच नव्हतं. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. स्कॉलरशिप मिळवायची आणि वैद्यकी शिकायची म्हणून त्याने रात्रंदिवस अभ्यास केला, आणि परीक्षा तोंडावर आली असताना तो कोसळला. दुखणं क्षयाचं. आज आपण गोळ्या घेतो आणि बरे होतो. तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसीन सापडलं ते १९४० च्या दशकात. त्याआधी थंड कोरडी हवा, सकस खाणं आणि विश्रांती, एवढाच उपाय. आपल्याकडचे लोक मिरजेला नाहीतर पाचगणीला जायचे. डेव्हिडला घरच्यांनी स्वित्झर्लंडला पाठवलं.

ऐन उमेदीतला मुलगा, शाळेत चमकणारा, आणि आता त्याने नुसतं पडून राहायचं. शिष्यवृत्ती गेली, डॉक्टरकी गेली. आमच्या वेळी अशा मुलाबद्दल नातेवाईक हळूच म्हणायचे की पोर वाया गेलं. पण या सक्तीच्या मुक्कामात दोन गोष्टी घडल्या. एक, तो फ्रेंच शिकला, तेही पुस्तकातून घोकून नव्हे, माणसांत राहून. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सिंगापूरमध्ये गोरा माणूस म्हणजे साहेब. त्याचे क्लब वेगळे, त्याचा पगार वेगळा, त्याची बसायची जागा वेगळी. युरोपात डेव्हिडने गोरा माणूस पाहिला तो दुकानदार, शेजारी, रोगी म्हणून. साहेबपणा कातडीत नसतो, तो राज्यव्यवस्थेने दिलेला असतो, हे त्याच्या मनात तिथेच पक्कं झालं असावं असं मला वाटतं. कारण पुढे जन्मभर त्याचा सगळा राग त्या व्यवस्थेवर राहिला, माणसांवर नाही. त्याचे इंग्रज मित्र पुष्कळ होते आणि बायकोही इंग्रज होती.

त्यानंतर त्याने बेल्जियममध्ये कापड तयार करण्याचं शिक्षण घेतलं. व्यापाऱ्याच्या घरातला मुलगा, तेव्हा हे रीतीला धरूनच होतं. सिंगापूरला परतल्यावर त्याने निरनिराळी कामं केली. शेअर दलालीत राहिला, माल विकण्याचं काम केलं, फ्रेंच शिकवलं. ते दिवसही वाईट होते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत रबर आणि कथलाचे भाव पार खाली आले होते आणि सिंगापूरचा सगळा व्यापार या दोन वस्तूंवर उभा होता. मोठमोठ्या पेढ्या माणसं कमी करत होत्या. अशा वेळी हातातली कमाई धरून बसणं हाच शहाणपणा, असं कुणीही म्हटलं असतं.

डेव्हिडने उलट केलं. शिल्लक टाकलेले पैसे घेऊन १९३४ साली तो लंडनला गेला आणि कायदा शिकायला लागला. वय सव्वीस.

या ठिकाणी मी वाचता वाचता थांबलो होतो. हा निर्णय त्याने कसा घेतला असेल? वैद्यकी, कापड, शेअर, विक्री, शिकवणी, यातलं काही त्याला जमलं नाही असं नाही. विकायला तो वस्ताद असणार, कारण समोरच्याचं मन वळवणं हा त्याचा उपजत गुण. पण दुसऱ्याच्या मालासाठी बोलायचं की माणसाच्या जिवासाठी, यात फरक आहे. निरनिराळ्या कामांत आठ-नऊ वर्षं घासून निघाल्यावर त्याला आपल्याजवळ खरं काय आहे ते कळलं असावं, म्हणजे बोलणं, आणि अन्याय दिसला की गप्प न बसणं. या दोन्हींना एकत्र वाव देणारा धंदा एकच, तो म्हणजे वकिली. ही समज घरी बसून विचार करून येत नाही. चार ठिकाणी काम केल्यावर येते.

लंडनमध्ये बॅरिस्टर होण्याची रीत आपल्या वाचकांपैकी काहींना माहीत असेल. तिथे चार जुन्या संस्था आहेत, त्यांना इन म्हणतात. गांधीजी इनर टेंपलचे, जीना लिंकन्स इनचे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनचे. मार्शल मिडल टेंपलचे. परीक्षा पास होणं तर भागच, पण शिवाय ठरलेल्या सत्रांत इनच्या भोजनगृहात हजेरी लावून जेवावं लागायचं. जेवणं पुरी झाली नाहीत तर सनद नाही! मिडल टेंपलचं ते भोजनगृह सोळाव्या शतकातलं, लाकडी छताचं. तिथे लांब लांब मेजांवर मलायातला, हिंदुस्थानातला, आफ्रिकेतला आणि इंग्लंडमधला विद्यार्थी शेजारी शेजारी जेवायला बसायचा. घरी कोशेर पाळणाऱ्या मुलाला हे जेवण म्हणजे काय प्रकरण असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

मार्शलने लंडन युनिव्हर्सिटीच्या कायद्याचा अभ्यास दीड वर्षात उरकला. पैसा मोजका, वय वाढलेलं, तेव्हा रमतगमत शिकायला सवडच नव्हती. माझा शाळेतला अनुभव सांगतो. उशिरा शिकायला आलेला विद्यार्थी, मग तो रात्रशाळेतला गिरणी कामगार असो की मुलं मोठी झाल्यावर बीएला बसलेली बाई, बाकीच्यांपेक्षा दुप्पट वेगाने शिकतो. कारण आपण इथे कशाला आलो, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

आणि ती वर्षं पाहा कोणती होती. जर्मनीत १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला होता. १९३५ मध्ये न्युरेंबर्गचे कायदे आले आणि तिथल्या यहुद्यांचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. खुद्द लंडनमध्ये मोस्लीचे फॅसिस्ट काळे शर्ट घालून फिरत होते. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांनी पूर्व लंडनच्या यहुदी वस्तीतून मोर्चा काढायचा बेत केला, तेव्हा केबल स्ट्रीटवर यहुदी आणि आयरिश कामगारांनी त्यांचा रस्ता अडवला. मार्शल त्या काळात त्याच शहरात कायदा शिकत होता. कायद्याने माणसाला संरक्षण मिळतं तसंच कायद्यानेच ते काढूनही घेता येतं, हा धडा त्या पिढीच्या यहुदी विद्यार्थ्याला वर्तमानपत्रातून रोज मिळत होता.

१९३७ मध्ये तो बॅरिस्टर झाला. वय एकोणतीस. त्याच साली आपल्या मुंबईत डॉ. ई. मोझेस महापौर झाले होते, ज्यांच्या नावाचा रस्ता महालक्ष्मीहून वरळीकडे जातो. एक बेने इस्राएल डॉक्टर मुंबईचा पहिला नागरिक झाला त्या वर्षी सिंगापूरचा हा बगदादी मुलगा वकिलीचा श्रीगणेशा करत होता, हे जुळून आलेलं मला फार आवडलं.

सिंगापूरला परतून मार्शलने रॉडिक अँड डेव्हिडसन या जुन्या पेढीत काम सुरू केलं, पुढे दुसऱ्या पेढ्यांतही काढलं. घडी बसते न बसते तो युद्ध आलं. युरोपात हिटलरची पावलं पडू लागल्यावर तो स्वयंसेवक पलटणीत दाखल झाला होता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं. मार्शल जपान्यांचा कैदी झाला. आधी चांगीला, मग जपानच्या उत्तरेला, होक्काइडो बेटावरच्या कडाक्याच्या थंडीत मजुरीला. एकेकाळी क्षयाने पडलेला माणूस तिथून जिवंत परत आला, ही एलियाहू हन्नाबीचीच कृपा असं आपल्या आयाबायांनी म्हटलं असतं.

सुटका झाल्यावर तो आधी ऑस्ट्रेलियात आपल्या माणसांकडे गेला आणि १९४६ मध्ये सिंगापूरला परतला. युद्धाआधी तिथे हजाराच्या वर यहुदी होते. आता पुष्कळजण देशोधडीला लागले होते, कित्येकांकडे ना घर ना रोजगार. त्यांच्यासाठी ज्युइश वेल्फेअर बोर्ड उभं राहिलं आणि त्याचे पहिले अध्यक्ष मार्शल झाले. युद्धकैद्यांच्या हक्काच्या पैशांसाठीही त्यांनी झगडा केला. यानंतरच्या काळात फौजदारी वकील म्हणून त्यांचं नाव सगळ्या मलायात झालं. फाशीच्या दोरापासून किती जणांना सोडवलं त्याच्या कथा तिथले म्हातारे टॅक्सीवाले अजून सांगतात. फाशीची शिक्षा त्यांना मान्य नव्हती. १९६९ मध्ये सरकारने ज्युरीची पद्धत पूर्ण बंद केली, तेव्हाही त्यांनी कडाडून विरोध केला.

राजकारणाचा भाग थोडक्यात सांगतो. २ एप्रिल १९५५ च्या निवडणुकीत त्यांच्या लेबर फ्रंटला निवडून द्यायच्या २५ पैकी १० जागा मिळाल्या आणि ६ एप्रिलला ते मुख्यमंत्री झाले. शपथविधीला इंग्रजी थाटाचा सूट न घालता ते साध्या बुशकोटात गेले. ब्रिटिशांनी त्यांना नावाचं पद दिलं पण बसायला धड जागा दिली नव्हती. कचेरी मिळाली नाही तर झाडाखाली टेबल टाकून बसेन, असा दम त्यांनी भरला, तेव्हा जिन्याखालची खोली मिळाली! सामान्य माणसाने थेट मुख्यमंत्र्याला भेटून गाऱ्हाणं सांगायचं, ही प्रथा त्यांनी सुरू केली. आज सिंगापूरचा प्रत्येक आमदार दर आठवड्याला लोकांना भेटतो, ती पद्धत इथली. विधानसभेत इंग्रजीबरोबर मलाय, चिनी आणि तमिळ बोलता यावं यासाठीही त्यांनी आग्रह धरला.

पण सगळं गोड नव्हतं. सत्तेवर येऊन जेमतेम महिना झाला तोच बस कामगारांच्या संपातून १२ मे १९५५ ला दंगल झाली आणि माणसं मेली. डावे म्हणत हा इंग्रजांचा माणूस, इंग्रज म्हणत याला राज्य चालवता येत नाही. पुढच्या वर्षी स्वराज्य मागायला ते सर्वपक्षीय शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले. स्वराज्य आणीन नाहीतर पद सोडीन, असा शब्द देऊन गेले होते. अंतर्गत सुरक्षेचा अधिकार सोडायला ब्रिटिश तयार झाले नाहीत आणि बोलणी फिसकटली. मार्शल परत आले आणि ७ जून १९५६ रोजी त्यांनी राजीनामा दिला. मुख्यमंत्रिपद चौदा महिनेच टिकलं. अंतर्गत स्वराज्य तीन वर्षांनी, १९५९ मध्ये आलं, पण ते दुसऱ्यांच्या हातून.

ज्या लंडनने त्यांना वकील केलं, त्याच लंडनहून ते रिकाम्या हाताने परतले. शब्द देण्याची घाई त्यांना नडली, असं जाणकार म्हणतात आणि ते खोटं नाही. डोकं तापट, स्वभाव सगळं पणाला लावण्याचा. पण विचार करा, बावीस वर्षांपूर्वी शिलकीतली सगळी पुंजी पणाला लावून बोटीत बसलेला तो हाच माणूस. जो गुण एके ठिकाणी तारतो तोच दुसरीकडे बुडवतो. शिक्षणाने माणसाचा स्वभाव बदलत नाही. शिक्षणाने फार तर त्याला आपला स्वभाव कळतो. मार्शलना तो कळला होता, म्हणून दिलेला शब्द त्यांनी पाळला आणि खुर्चीला चिकटून बसले नाहीत.

राजीनाम्यानंतर त्याच वर्षी ते चीनला गेले. शांघायमध्ये तेव्हा युद्धाआधी आलेले, आता अडकून पडलेले यहुदी होते. त्यांना देश सोडण्याची परवानगी मिळत नव्हती. मार्शल यांनी पंतप्रधान चौ एन लाय यांच्यापुढे त्यांची वकिली केली आणि त्या माणसांची वाट मोकळी झाली. या खटल्यात ज्युरी नव्हती, फी नव्हती, आणि अशील कोण तर कधी न पाहिलेले, दुसऱ्या भाषेचे यहुदी. आपल्याला त्यांचं काही वाटत नसेल तर ही एक गोष्ट तरी ध्यानात ठेवावी.

१९५७ मध्ये त्यांनी वर्कर्स पार्टी स्थापन केली. ती आज सिंगापूरचा मुख्य विरोधी पक्ष आहे, हातोड्याच्या निशाणीची. १९६१ मध्ये पोटनिवडणूक जिंकले, १९६३ मध्ये हरले, आणि निवडणुकांचं राजकारण संपलं. १९६१ मध्येच जीन ग्रे यांच्याशी लग्न केलं, तेव्हा वय त्रेपन्न. पुढे चार मुलं झाली. लग्नातही उशीरच, पण संसार नेटका झाला.

आणि आता फ्रेंचची गोष्ट. १९७८ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, सिंगापूर सरकारने त्यांना फ्रान्समध्ये राजदूत नेमलं. ज्या सरकारशी त्यांचे मतभेद जगजाहीर होते, त्याच सरकारने. पुढे स्पेन, पोर्तुगाल आणि स्वित्झर्लंडही त्यांच्याकडे आलं. क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या पोराने जी भाषा उचलली होती, ती अर्ध्या शतकानंतर देशाच्या उपयोगी पडली, आणि ज्या देशात रोगी म्हणून राहिला होता तिथे तो राजदूत म्हणून गेला. हे काम त्यांनी १९९३ पर्यंत, म्हणजे पंच्याऐंशी वर्षांचे होईपर्यंत केलं. १२ डिसेंबर १९९५ रोजी त्यांचं निधन झालं. सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत त्यांच्या नावाने कायद्याचं प्राध्यापकपद आहे. ज्या शहरात त्यांना कायदा शिकता आला नाही, तिथे आता त्यांच्या नावाने कायदा शिकवला जातो.

माझ्या मनात आलं, की सगळंच उपयोगी पडलं असं म्हणणं खरं होईल का? नाही होणार. बेल्जियमच्या कापडशिक्षणाचा त्यांना पुढे काही उपयोग झाल्याचं दिसत नाही. वैद्यकीचं स्वप्न गेलं ते गेलंच. आयुष्यात थोडं वाया जातंच, आपल्या स्वयंपाकघरात नारळ खवताना थोडा करवंटीला राहतो तसा. तेवढ्यासाठी नारळ फोडायचा थांबवायचा नाही.

आपल्या समाजातही दोन्ही तऱ्हेची माणसं होऊन गेली. डॉ. जेरुशा झिराड यांनी लहानपणीच डॉक्टर व्हायचं ठरवलं, लंडनला जाऊन स्त्रीरोगशास्त्रातली एम.डी. मिळवली, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची वाट पहिल्यापासून सरळ. उलट आपले कवी निस्सीम एझिकेल १९४८ मध्ये लंडनला गेले, बर्कबेक कॉलेजात तत्त्वज्ञान शिकले, आणि परतताना तिकिटाला पैसे नव्हते म्हणून मालवाहू बोटीवर डेक घासत मुंबईला आले. पण १९५२ मध्ये त्यांचं पहिलं कवितांचं पुस्तक निघालं. झिराडबाईंची वाट बरोबर आणि एझिकेलसाहेबांची चूक, असं आज कोण म्हणेल?

आपण आजी-आजोबा मंडळी नातवंडांच्या बाबतीत भितो. आपण गरिबी पाहिली. एक पक्की नोकरी म्हणजे काय, हे आपल्याला कळतं. रेल्वे, पोस्ट, गोदी, इस्पितळ, जिथे चिकटलो तिथून पेन्शन घेऊनच बाहेर पडलो. ती भीती खोटी नाही आणि तिची लाज बाळगायचं कारण नाही. पण पोरं विषय बदलतात, एक वर्ष थांबतात, चार ठिकाणी काम करून पाहतात, तेव्हा लगेच कपाळाला हात लावू नये. फक्त एक विचारावं: जे सोडतोस ते कंटाळा आला म्हणून, की आपल्याजवळ काय आहे ते कळायला लागलंय म्हणून? पहिलं असेल तर कान धरावा. दुसरं असेल तर होता होईल ती मदत करावी. मार्शलसाहेबांनी आपले पैसे आपण साठवले, ही गोष्टही नातवंडांना सांगायला विसरू नये!

सिंगापूरला कुणी जाणार असाल तर वॉटर्लू स्ट्रीटच्या सिनेगॉगमध्ये जरूर जा. आधी कळवून जावं लागतं, दारावर तपासणी असते, ओळखपत्र जवळ ठेवा. शेजारी जेकब बल्लास सेंटर आहे, तिथे कोशेर खाण्याची सोय होते. तिथून मिडल रोडपर्यंत चालत जा, दहा मिनिटांचा रस्ता आहे, म्हाताऱ्या पायांनाही जमतो. नातवंडं बरोबर असतील तर त्यांना वर मान करून तो तारा दाखवा, आणि याच मोहल्ल्यातल्या एका मुलाला आपली वाट सव्विसाव्या वर्षी सापडली, हे सांगा.

शालोम.